नव्वदच्या कॅसेटच्या दोन बाजू

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा 'हॉट स्पेस' हा अल्बम मे १९८२मध्ये आला. ज्या कारणासाठी इंग्लंड-अमेरिकेतल्या रॉकवाल्यांनी त्याला नावं ठेवली, नेमक्या त्याच कारणासाठी तो आमच्या वसईत आवडला. कारण एवढंच, की त्यावर नाचता येत होतं.

आमच्याकडे तो जरा उशिरा पोचला. मामा बोटीवर होता. रजेवर आला की त्याच्या पेटीतून साबण, चॉकलेटं, घड्याळं निघायची आणि अगदी तळाशी, दोन टॉवेलांच्या मध्ये जपून ठेवलेल्या रेकॉर्डी. १९८६च्या सुमारास त्याने क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या दोन रेकॉर्डी आणल्या. एक क्वीनची 'हॉट स्पेस' आणि दुसरी त्याची स्वतःची, एकट्याची, 'मिस्टर बॅड गाय'. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेयर नव्हता, एक टू-इन-वन होता. म्हणून मोठ्या भावाने वांद्र्याच्या एका दुकानात दोन्ही रेकॉर्डी नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतल्या. दोन्ही अल्बम पंचेचाळीस मिनिटांच्या आत बसणारे, त्यामुळे ए बाजूला एक आणि बी बाजूला दुसरा असा हिशेब चोख जमला. फ्रेडीच्या कारकिर्दीतले सर्वांत जास्त वाद झालेले दोन अल्बम असे एका कॅसेटच्या पाठपोट आमच्या घरात राहायला आले. त्यांच्यावर वाद झालाय याची आम्हाला तेव्हा पुरती कल्पनाही नव्हती.

तो वाद समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवून दिला गेला. लोक मैदानात घुसले, पुढचा सामना रद्द करावा लागला. अमेरिकेत डिस्कोविषयी एवढा राग साठला होता, आणि त्यात संगीताबरोबर इतरही बरंच मिसळलेलं होतं: काळ्या लोकांचं, समलिंगी पुरुषांच्या क्लबांमधलं हे संगीत, ही अढीही त्यात होती. तरी १९८०मध्ये क्वीनच्या जॉन डिकनने बांधलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते एकटं गाणं म्हणून काढा असा आग्रह मायकल जॅक्सनने धरला होता, हे आता सर्वश्रुत आहे. त्या यशाच्या जोरावर क्वीन आणखी पुढे गेले. 'हॉट स्पेस'ची जवळजवळ पूर्ण पहिली बाजू त्यांनी नाचाच्या संगीताला दिली. ब्रायन मेची गिटार कोपऱ्यात गेली, बासची जागा बऱ्याच ठिकाणी सिंथेसायझरने घेतली. आधीचा 'द गेम' दोन्ही देशांत पहिला आला होता. 'हॉट स्पेस' इंग्लंडात चौथ्या आणि अमेरिकेत बाविसाव्या क्रमांकावर थांबला. डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' इंग्लंडात आधीच पहिलं आलेलं होतं आणि ते अल्बमच्या शेवटी होतं, तरी टीकेचा रोख बदलला नाही. ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी पुढे स्वतःच या अल्बमविषयी नाराजी बोलून दाखवली. १९८२च्या त्या दौऱ्यानंतर फ्रेडी क्वीनबरोबर अमेरिकेत पुन्हा कधी गायला नाही.

आता त्याच वर्षांतला आमच्याकडचा माहोल बघा. १९८०मध्ये 'कुर्बानी' आला, नाझिया हसनचा आवाज घरोघरी पोचला. १९८२च्या डिसेंबरमध्ये 'डिस्को डान्सर' आला आणि बप्पी लाहिरी पानाच्या गादीपासून फेस्ताच्या मंडपापर्यंत वाजू लागले. शिकागोत ज्याचा स्फोट झाला ते आमच्याकडे आत्ता कुठे रंगात येत होतं. वसईच्या ख्रिस्ती गावांमध्ये तर नाच कुणाला हलका वाटतच नव्हता. लग्नाच्या मंडपात ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवर वॉल्ट्झ वाजायचा, जाइव्ह वाजायचा. नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या बायका खुर्चीवर बसून पायाने ठेका धरायच्या आणि कुणी हात पुढे केला की उठायच्या. सकाळी केळीच्या बागेत पाणी धरणारा माणूस रात्री फॉक्सट्रॉट नाचायचा. 'हॉट स्पेस' अशा गावात आला. 'स्टेइंग पॉवर'मधली ब्रासची फुंकर ऐकून आमच्या आळीतला एक ट्रम्पेटवाला चक्क जेवणावरून उठून आला होता. गिटार कमी आहे हे त्याच्या लेखी गाऱ्हाणं नव्हतंच. त्याला ब्रास भरपूर होता, तो खूश.

एका अल्बमला 'संमिश्र प्रतिसाद' मिळाला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा लंडन आणि न्यूयॉर्कच्या चार-सहा संपादकीय टेबलांवरचा प्रतिसाद मोजत असतो. पापडीच्या, गिरीजच्या, सांडोरच्या ओट्यांवर त्याचं काय झालं, हे त्या हिशेबात कधी धरलं गेलं नाही.

संमिश्र मात्र आमच्याकडेही होताच. मोठ्या भावाला ए बाजू आवडली नाही. तो चर्चगेटजवळच्या कॉलेजात होता, विरार लोकलने जा-ये करायचा, आणि धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम ऐकून शेवटच्या गाडीने परतायचा. त्याच्यासाठी क्वीन म्हणजे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि ब्रायन मेची गिटार. 'बॉडी लँग्वेज' लागलं की तो उठून आत जायचा. चुलत बहिणी नेमकं तेच गाणं दोनदा लावायच्या. या वादात आईचंही मत होतं: 'लाइफ इज रिअल' हे जॉन लेननच्या आठवणीतलं गाणं तिला मिस्सेतल्या गाण्यासारखं वाटायचं, म्हणून ते लागलं की आवाज वाढवायची परवानगी.

बी बाजूची गोष्ट वेगळी. 'मिस्टर बॅड गाय' २९ एप्रिल १९८५ला आला. लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या मैफलीतला क्वीनचा तो गाजलेला कार्यक्रम त्यानंतर अडीच महिन्यांनी, १३ जुलैला झाला. अकरा गाणी, सगळी फ्रेडीने स्वतः लिहिलेली, म्युनिकच्या म्यूझिकलँड स्टुडिओत राइनहोल्ड मॅक या ध्वनिमुद्रकाबरोबर केलेली. अल्बम त्याने आपल्या जेरी या मांजराला आणि जगातल्या तमाम मांजरप्रेमींना अर्पण केला, आणि हे त्याने अगदी मनापासून केलं होतं. इंग्लंडात तो सहाव्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत १५९. समीक्षकांचा सूर साधारण असा, की आवाज अप्रतिम, पण बाकी सगळं चकचकीत आणि पातळ. ड्रम मशीन, सिंथेसायझर, गाणी प्रेमाच्या नेहमीच्या वळणाची. बाकीचे तिघे नसतील तर हा माणूस अर्धाच, असंही म्हटलं गेलं.

मामाने साउदॅम्प्टनहून आणलेली जुनी इंग्रजी संगीत साप्ताहिकं भावाने ट्रंकेत जपून ठेवली होती. कडा कुरतडलेली, बोटीच्या तेलाचा वास येणारी. विलायती मतं आमच्यापर्यंत पोचायची ती अशी, वर्षभर शिळी होऊन आणि तीही तुकड्यांत. तोवर कॅसेट पाठ झालेली असायची. मत आधी आणि ऐकणं नंतर, हा आजचा क्रम तेव्हा शक्यच नव्हता.

कॅसेट पाठ व्हायची कारण तिच्यात गाणं गाळणं म्हणजे कटकट होती. पुढे पळवायची, थांबवायची, पुन्हा मागे आणायची. त्यापेक्षा वाजू दे. म्हणून 'फूलिन अराउंड'सारखी, मला आजही भरीची वाटणारी गाणी शेकडो वेळा कानावरून गेली. 'युअर काइंड ऑफ लव्हर'ही तसंच. आणि त्या ओघात 'देअर मस्ट बी मोअर टु लाइफ दॅन धिस'सारखं हळू, साधं गाणं, जे पहिल्या फेरीत आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, ते चारेक महिन्यांनी अख्ख्या घराचं आवडतं झालं. ते आधी 'हॉट स्पेस'च्या वेळी सुरू झालेलं, मग मायकल जॅक्सनबरोबर गाऊन बघितलेलं आणि शेवटी एकट्याने पूर्ण केलेलं गाणं आहे, हे पुष्कळ नंतर कळलं. जॅक्सनबरोबरचं रूप तर २०१४मध्ये जगापुढे आलं. पण ते गाणं कुठेतरी लांबून चालत आलंय, एवढं मात्र तेव्हाही कानाला जाणवायचं.

संध्याकाळी मळ्यांतले पंप सुरू झाले की आमच्या भागातलं व्होल्टेज पडायचं. दिवा पिवळा व्हायचा, टेप किंचित मंद चालायचा आणि फ्रेडीचा आवाज अर्धा सूर खाली यायचा. 'लव्ह मी लाइक देअर्स नो टुमॉरो' हे अल्बमचं शेवटचं गाणं नेमकं त्या वेळेला यायचं, कारण कॅसेट लागायची ती सगळे शाळेतून, कामावरून परतल्यावर. ते गाणं आमच्या घरात कायम थोडं जड, थोडं खालच्या पट्टीतलं राहिलं. पुढे सीडीवर खऱ्या वेगात ऐकलं तेव्हा तो गायक मला वयाने लहान वाटला.

एकदा कॉयरचे मास्तर घरी आले होते. आमच्या पॅरिशमध्ये लहान मुलांना व्हायोलिन शिकवायचे, स्टाफ नोटेशन फळ्यावर काढून घ्यायचे. भावाने त्यांना मुद्दाम अल्बमचं शीर्षकगीत लावून दाखवलं, कारण त्यात खऱ्या वाद्यवृंदाची साथ आहे. मास्तर पडवीत बसले, चष्मा काढून हातात धरला. गाणं संपलं तेव्हा म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर व्हायोलिनच्या जागा दाबत होती. मग म्हणाले, "पोरा, हा माणूस पियानोवर शिकलेला आहे. स्वर कुठून कुठे न्यायचा ते याला ठाऊक आहे. व्हायोलिनं लिहिणारापण चांगला. पण दुसऱ्या गाण्यांना ही मशीन कशाला लावलीत? माणसं नव्हती काय?"

त्या पिवळ्या पडलेल्या साप्ताहिकांमधलं सगळं एका बाजूला आणि मास्तरांची ही चार-पाच वाक्यं एका बाजूला. माझ्या मते अल्बमचं याहून नेमकं परीक्षण झालेलं नाही. आणि 'शिकलेला आहे' हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, झांझिबारमध्ये जन्मला, पण शाळेसाठी आठव्या वर्षी पाचगणीला आला. सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकला, तिथल्या पोरांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला. घराण्याचं नाव बुलसर गावावरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून. आमच्या वसई रोड स्टेशनातून गुजरातकडे सुटणारी गाडी ज्या वलसाडला जाते, तेच. मास्तरांना हे काही माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. आमच्या लेखी तो इंग्रज होता.

आता हे सगळं माझ्या भाचीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०१८मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट आला, तेव्हा ती कॉलेजात होती. नालासोपाऱ्याच्या एका थिएटरात दोनदा बघून आली आणि पुढचे काही महिने घरात दुसरं काही वाजलं नाही. एक दिवस मला म्हणाली, "मामा, फ्रेडीने सोलो अल्बम केला म्हणून बँड तुटला ना?" चित्रपटात तसं दाखवलंय: तो एकट्याचा करार करतो, बाकीच्यांना दगा दिल्यासारखा, आणि मग पश्चात्ताप करून लाइव्ह एडसाठी परत येतो. खरं तर रॉजर टेलरने १९८१मध्येच 'फन इन स्पेस' काढला होता आणि ब्रायन मेने १९८३मध्ये 'स्टार फ्लीट प्रोजेक्ट'. फ्रेडीचा एकट्याचा अल्बम त्यांच्यानंतरचा, आणि बँड त्या काळात मोडलेला नव्हता. 'द वर्क्स'चा दौरा मे १९८५पर्यंत चालू होता. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं समीक्षकांचं एक मत, की बँडशिवाय हा माणूस भरकटला, चित्रपटाने घटना म्हणून उभं केलं आणि लाखो लोकांनी ते इतिहास म्हणून घरी नेलं. मला याचा मनापासून राग आला होता. भाचीने मात्र शांतपणे फोन काढला, तारखा पडताळल्या आणि पाच मिनिटांत "हो मामा, तुझं बरोबर आहे" म्हणून मोकळी झाली. आमच्या वेळी एवढं पडताळायला मामाची पुढची रजा उजाडावी लागली असती.

म्हणून 'आमच्या वेळी सगळं चांगलं' हे मी म्हणणार नाही. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डी-कॅसेटांचं दुकान २०१६मध्ये बंद झालं तेव्हा मला वाईट वाटलं. शांतता क्षेत्राच्या नियमांत रंगभवनातलं रॉक बंद पडलं तेव्हाही वाटलं. पण ऱ्हिदम हाउसात जाऊन कॅसेट विकत घ्यायची ऐपत आमच्या आळीत किती जणांची होती? आज विरार लोकलच्या दारात उभी असलेली पोरगी जगात निघालेलं कुठलंही गाणं ऐकू शकते, आणि २००७मध्ये बोरिवली-विरार रेल्वेमार्ग चौपदरी झाल्यावरही गर्दी जशीच्या तशी असलेल्या त्या डब्यात तो तिचा एकमेव खासगी कोपरा आहे. तो कोपरा मला कमी महत्त्वाचा वाटत नाही.

हरवलंय ते दुसरंच. भाचीने 'मिस्टर बॅड गाय' ऐकायला घेतला तो तारे बघून. कुठेतरी पाचपैकी तीन दिलेले होते. मग कुणीतरी केलेली 'अल्बममधली सर्वोत्तम गाणी' ही यादी लावली आणि चार गाणी ऐकली. 'देअर मस्ट बी मोअर' त्या यादीत नव्हतं. तिचं मत असं झालं, की अल्बम ठीक, 'लिव्हिंग ऑन माय ओन' भारी. हे मत चुकीचं नाही. पण ते चार गाण्यांवरचं आहे, आणि तिच्याआधी हजारो जणांनी ते तयार करून ठेवलं होतं. आमचं मत सहा जणांच्या भांडणातून झालं होतं: भाऊ, बहिणी, आई, ट्रम्पेटवाला, मास्तर. ते वर्षभर बदलत राहिलं. भाऊ जो 'बॉडी लँग्वेज'ला उठून जायचा, तोच पुढे स्वतःच्या लग्नात त्यावर नाचला. त्याचं मत बदललं ते घरात ती कॅसेट रोज वाजत होती आणि त्याला पळायला जागा नव्हती म्हणून.

'लिव्हिंग ऑन माय ओन'चं नशीब तर या सगळ्या वादावरचं सर्वांत ठळक उत्तर. १९८५मध्ये हे गाणं इंग्लंडात पन्नासाव्या क्रमांकापर्यंत कसंबसं पोचलं. २४ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडी गेला. १९९३मध्ये बेल्जियमच्या नो मोअर ब्रदर्स या मंडळींनी त्याच आवाजाखाली नवा ठेका घातला आणि गाणं इंग्लंडात पहिलं आलं. म्हणजे ज्याला नाचायचं संगीत म्हणून नाक मुरडलं, तेच आणखी नाचायचं करून दिल्यावर जगाने उचलून धरलं. तोवर वसईत केबल आली होती. गाण्याच्या व्हिडिओतलं, फ्रेडीच्या म्युनिकमधल्या वाढदिवसाच्या पार्टीचं चित्रण आमच्या दिवाणखान्यात पहिल्यांदा दिसलं आणि आईला त्या कपड्यांविषयी बरंच बोलायचं होतं.

मग १९९५. फ्रेडीच्या मागे राहिलेल्या तिघांनी 'मेड इन हेवन' हा अल्बम काढला. त्यात 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू' ही 'मिस्टर बॅड गाय'मधलीच गाणी होती. आवाज फ्रेडीचा, दहा वर्षांपूर्वीचा, तोच. भोवतालचं सगळं नवं: ब्रायनची गिटार, रॉजरचे खरे ड्रम. मास्तरांनी पडवीत बसून जे विचारलं होतं, त्याला ही माणसं उत्तर देत होती असं मला वाटलं. आवाजाला आणि चालीला त्यांनी हात लावला नाही, मशीन तेवढी काढली. 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू' त्यामुळे दणदणीत झालं, हे मान्य. पण 'मेड इन हेवन' मला आजही पहिलंच, एकट्याचं, आवडतं. त्यात मोठ्या गिटारीची भिंत नाही आणि गायक त्या रिकाम्या जागेत जास्त उघडा पडतो. भावाला नेमकं उलटं वाटतं. फोनवर हा विषय निघाला की आवाज अजून चढतो.

२०१९मध्ये पूर्ण 'मिस्टर बॅड गाय' मूळ टेपांवरून नव्याने मिसळून काढला गेला. मी तो वसईच्या घरी ऐकला. आजूबाजूला आता सात-सात मजली इमारती आहेत, घरामागचं बावखल, म्हणजे पाण्याचं तळं, निम्मं बुजलंय, पण केळीची एक ओळ उरली आहे. नव्या मिश्रणात पियानो स्वच्छ ऐकू येतो आणि आवाज बराच पुढे आणलाय. पहिल्यांदा मला कळलं की 'मॅन मेड पॅरडाइज'मध्ये मागे किती थर आहेत. आमच्या कॅसेटवर तिथे नुसता गलका ऐकू यायचा. भाचीलाही मी शेजारी बसवलं आणि अट घातली की फोनला हात लावायचा नाही. अकराही गाणी. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला ती चुळबुळली. आठव्याला, 'देअर मस्ट बी मोअर'ला, थांबली. "हे त्या यादीत का नव्हतं?" तिने विचारलं. शेवटचं गाणं झाल्यावर म्हणाली की 'फूलिन अराउंड' वाईट नाही, उलट त्याचा बास मस्त आहे, आणि तुम्ही सगळे त्या बिचाऱ्या गाण्याच्या मागे का लागलात?

त्यावर आम्ही तासभर भांडलो. मी माझा मुद्दा सोडला नाही, तिने तिचा.

गेल्या वर्षी तिच्या भावाचं लग्न झालं. मंडपात ब्रास बँड होता तो फक्त वरातीपुरता, नाचासाठी नालासोपाऱ्याचा डीजे. भाचीने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की 'लिव्हिंग ऑन माय ओन' हवं, आणि हवं ते १९८५चं, मूळ. डीजेने दोन्ही ऐकवली आणि म्हणाला, "ताई, मूळवाल्यावर लोक बसतील." ती अडून राहिली. माझा भाऊ, जो एकेकाळी ए बाजूवरून उठून जायचा, मध्ये पडला आणि डीजेच्या बाजूने बोलला. शेवटी तोडगा निघाला: आधी मूळ, मग लगेच रिमिक्स. मुळावर सहा-सात जण उभे राहिले, त्यात आमच्या दोन्ही चुलत बहिणी. रिमिक्सवर सगळा मंडप.